वाचकांचे प्रश्न : इंग्लंडच्या अंगणात येऊरचे रान

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची आहेत. ठाणे आणि नवी मुंबईतल्या कितीतरी घरांतली मुले आता थंड देशांत स्थिरावली आहेत, आणि त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत काय लावावे, याचा विचार इथे बसून आईवडील करत असतात. गॅलरीतल्या कुंड्यांचे नेहमीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून ही तीन पत्रे एकत्र घेत आहे.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. घरामागे सुमारे १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद जागा आहे. तिथे सध्या फक्त हिरवळ असून तिन्ही बाजूंना लाकडी कुंपण आहे. गेल्या पावसाळ्यात सगळे ठाण्याला आले असताना मी नऊ वर्षांच्या नातीला येऊरला फिरवून आणले. तेव्हापासून 'आपल्या घरामागेही असेच रान हवे' असा तिचा हट्ट आहे. मुलाने मे महिन्यात हौसेने आणलेली केळ, शोभेचा अळू आणि जास्वंद हिवाळ्यात मेली. माती चिकण आहे आणि हिवाळ्यात पाणी साचून राहते. अशा हवेत जंगलासारखी बाग खरोखर होऊ शकते का? मी येत्या एप्रिलपासून चार महिने तिकडे असेन.
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : होऊ शकते, आणि तुमच्या नातीचा हट्ट मुळीच अवाजवी नाही. मात्र येऊरला तिला जे रान वाटले ते नेमके कशामुळे, याचा विचार आधी करावा लागेल. सागाची सुपाएवढी पाने, त्यांच्या शेजारी नेच्याची बारीक कातरलेली पाने, खोडांवर चढलेल्या वेली, डोक्यावरही पान आणि गुडघ्याशीही पान, आणि दहा पावलांवर वळून दिसेनाशी होणारी पायवाट, हे सारे तिने तिथे पाहिले. पानांचा आकार, त्यांची दाटी आणि पुढचे न दिसणे यांतून रानाचा अनुभव तयार होतो, आणि या तिन्ही गोष्टी थंड प्रदेशातही साधता येतात. इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स परगण्यात ग्रेट डिक्स्टर नावाची विख्यात बाग आहे. तिथे ख्रिस्तोफर लॉइड यांनी १९९३ मध्ये आपली जुनी गुलाबबाग काढून टाकली आणि आपले मुख्य माळी फर्गस गॅरेट यांच्यासह त्या जागी केळी, कर्दळी आणि डेलिया यांची दाट, उष्ण प्रदेशातली वाटावी अशी बाग उभी केली. गुलाबांवर इतके प्रेम करणाऱ्या देशात हे मोठे धाडस होते.

आता तेच येऊर मे महिन्यात आठवून पाहा. साग निष्पर्ण असतो, ओढे कोरडे असतात आणि जमिनीवर हिरवे असे जवळजवळ काही नसते. पहिल्या पावसाच्या सुमारास आदिवासी बायका ज्याच्या जुड्या ठाण्याच्या बाजारात विकायला आणतात तो शेवळा वर्षातला बराच काळ जमिनीखाली नुसता कंद होऊन पडलेला असतो. सापकांद्याचेही तसेच आहे. सह्याद्रीच्या कड्यांवरची रानकेळ कोरड्या दिवसांत पाने टाकून खुंटासारखी उभी राहते आणि पावसाळा सुरू झाला की पुन्हा सुरळी सोडते. आपले रान उन्हाळ्यात झोपते आणि पावसाळ्यात जागे होते. रेडिंगला हिवाळ्यात झोपून उन्हाळ्यात जागे होणारे रान लावावे लागेल, एवढाच फरक आहे. तुमच्या मुलाने आणलेल्या जास्वंदीला ही हिवाळी झोप ठाऊक नव्हती, म्हणून ती मेली. घरात ठेवण्यासाठी विकली जाणारी बुटकी केळ त्याने आणली असेल, तर तिचेही तेच झाले असणार.

रोप झोपणारे आहे की मरणारे, हे तिकडे ओळखणे सोपे आहे. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने झाडांच्या थंडी सोसण्याच्या ताकदीप्रमाणे एच १ ते एच ७ असे दर्जे ठरवले आहेत आणि अनेक रोपवाटिका ते रोपाच्या चिठ्ठीवर छापतात. आकडा जितका मोठा, तितके झाड काटक. एच ५ म्हणजे उणे १० ते उणे १५ अंश सेल्सियसपर्यंत टिकणारे, एच ४ म्हणजे उणे ५ ते उणे १० पर्यंत, आणि एच ३ म्हणजे उणे ५ च्या आसपास, तेही आडोशाला. एच १ आणि एच २ ही झाडे त्या हवेत फक्त उन्हाळ्याची पाहुणी समजावीत. तुमच्या मुलाने बागेचा सांगाडा एच ५ आणि त्यापुढच्या झाडांचा करावा आणि नाजूक झाडे नंतर त्यात भरावीत. सहसा याच्या उलट होते. दुकानात सर्वांत सुंदर दिसणारे रोप आधी घरी येते आणि नोव्हेंबरमध्ये अंगण पुन्हा उघडे पडते.

थंडीपेक्षाही मला तुमच्या पत्रातल्या साचलेल्या पाण्याची अधिक चिंता वाटते. ठाण्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत आणि उबदार हवेत. रेडिंगच्या भागात वर्षाला साधारण ६०० ते ६५० मिलिमीटरच पडतो, मात्र तो बाराही महिने थोडाथोडा पडत राहतो. डिसेंबर-जानेवारीत ऊन इतके तिरपे आणि दिवस इतका लहान असतो की ओली माती सुकतच नाही. वाढ थांबलेल्या झाडाची मुळे गार चिखलात दोन-तीन महिने राहिली की कुजतात, आणि वसंतात आपण म्हणतो की थंडीने झाड गेले. माझी बहीण लंडनजवळ राहते. तिच्याकडे मी तीन उन्हाळे काढले आहेत. पहिल्या वर्षी आम्ही दोघींनी मिळून तिची केळ हिवाळ्यासाठी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळली होती. मार्चमध्ये तिने प्लॅस्टिक सोडले, तेव्हा खोडाचा नुसता लगदा झालेला होता. त्या हिवाळ्यात थंडी फारशी पडलीच नव्हती, आतल्या ओलाव्याने ती केळ मारली होती.

म्हणून एप्रिलमध्ये पोहोचल्यावर पहिले काम मातीचे करा. एक फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल, तर त्या जागी सपाट जमिनीत काही लावू नका. चिकणमातीत खड्डा करून तो नुसत्या कंपोस्टने भरण्याची चूक फार जण करतात. असा खड्डा विहिरीसारखा आजूबाजूचे पाणी स्वतःकडे ओढून घेतो. त्याऐवजी पूर्ण वाफाच कुजलेले शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि जाडसर खडी मिसळून भोवतालच्या जमिनीपेक्षा २० ते ३० सेंटीमीटर उंच करा. तिकडे घोड्यांच्या तबेल्यांतले खत सहज मिळते, पण ते जुने आणि पूर्ण कुजलेलेच घ्यावे.

सांगाड्यासाठी माझी पहिली पसंती चुसान पाम या माडाला आहे. शास्त्रीय नाव ट्रॅकीकार्पस फॉर्च्यूनी. ताडासारखी पंखाकृती पाने, काथ्या गुंडाळल्यासारखे तपकिरी खोड आणि उणे १० अंश सहज सोसण्याची ताकद, हे सारे याच्यात आहे. चीनमधून चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणणारे रॉबर्ट फॉर्च्यून यांनीच १८४९ मध्ये याची रोपे इंग्लंडला पाठवली, आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. या माडाचा एक सख्खा भाऊ, ट्रॅकीकार्पस टाकिल, आपल्या उत्तराखंडात कुमाऊँच्या डोंगरांत हिमवर्षाव सोसत वाढतो. माड म्हटला की आपल्याला समुद्र आणि खारा वारा आठवतो, पण माडाच्या कुळात असे पहाडी सदस्यही आहेत, हे तुमच्या नातीला अवश्य सांगा. असे दोन माड, एक मोठा आणि एक लहान, एका रेषेत न येता लावावेत.

माडाच्या खालचा थर फॅटसिया जॅपोनिकाचा असू द्यावा. याची चकचकीत, हाताच्या पंजासारखी पाने आपल्या पपईच्या पानांची आठवण करून देतात. हे झाड सावलीत वाढते, बाराही महिने हिरवे राहते आणि हिवाळ्याच्या तोंडावर, इतर काहीच फुलत नसताना, पांढरे झुबके धरते. कुंपणालगतच्या ज्या कोपऱ्यात ऊन येतच नाही, तो याने भरून निघतो. त्याच्या पायाशी काटक नेचे दाट लावावेत. नेच्यांच्या बारीक पानांमुळे फॅटसियाचे पान आहे त्यापेक्षा मोठे दिसते. रानात नजरेला जे सुख मिळते त्यात या विरोधाचा वाटा मोठा असतो.

आता केळीविषयी, कारण नातीला केळ हवीच असणार. बाहेरच्या जमिनीत हिवाळा काढू शकणारी केळ म्हणजे मुसा बासजू. आपली शेतातली केळ आणि ही एकाच कुळातल्या, पण हिची केळी खाण्यासारखी नसतात. दव गोठणारी पहिली रात्र आली की हिची पाने एका दिवसात काळी पडतात. तेव्हा घाबरून जाऊ नये. काळी पाने कापून टाकावीत, खोड मात्र उभे ठेवावे. खोडाभोवती, खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी एक हात अंतर सोडून गोल उभी करावी आणि मधली जागा गव्हाच्या कोरड्या काडाने ठासून न भरता सैलसर भरावी. वरून पाऊस आत जाणार नाही असे झाकण ठेवावे, पण बाजू उघड्याच राहू द्याव्यात, म्हणजे हवा खेळत राहील. बुंध्याभोवती वीतभर जाड पाल्याचे आच्छादन घालावे. एप्रिलमध्ये काड काढले की खोडाच्या शेंड्यातून नवी सुरळी येते. समजा खोड गेलेच, तरी जमिनीखालचा गड्डा जिवंत असेल तर बाजूने पिले फुटतात, मात्र त्या वर्षी उंची कमी मिळते. मेपासून ऑगस्टपर्यंत केळीला भरपूर पाणी आणि भरपूर खत लागते, आणि तिकडचा उन्हाळा कोरडाही जाऊ शकतो. छपरावरचे पाणी साठवणारे पिंप बसवून घेतले तर फार सोय होते.

इतक्या कमी उष्णतेत ही झाडे एवढी कशी वाढतात, असे तुम्हाला तिथे वाटेल. त्याचे कारण दिवसाची लांबी आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्यात दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, तर रेडिंगला तो साडेसोळा तासांचा होतो. पारा २२-२३ अंशांवर असला तरी पानांना प्रकाश इतका मिळतो की केळीचे नवे पान आठवड्याभरात उलगडते. डिसेंबरमध्ये तोच दिवस आठ तासांहूनही लहान होतो, म्हणून झाडांची झोपही तितकीच गाढ असते.

उन्हाळ्याच्या भरणीत आपली ओळखीची मंडळी खुशाल येऊ द्यावीत. कर्दळ तिकडे फार लाडकी आहे. तिच्या शास्त्रीय नावात इंडिका असले तरी तिचे मूळ घर उष्ण अमेरिकेत आहे, म्हणजे ती आपल्याकडेही पाहुणीच. थंडी पडली की तिचे गड्डे काढून घरात ठेवावेत किंवा उंच, निचऱ्याच्या वाफ्यात जाड आच्छादनाखाली राहू द्यावेत. आपला पांढरा सोनटक्का तिकडे पाने देतो, पण फुलायला त्याला उन्हाळा पुरत नाही. म्हणून त्याचे हिमालयाकडचे भाईबंद घ्यावेत, त्यांतही आसाम ऑरेंज नावाचे नारिंगी फुलांचे वाण काटक आहे. सापकांद्याच्या हिमालयातल्या जातीही तिथे रोपवाटिकांत मिळतात. आपण ज्याला उकिरड्यावरचा म्हणतो त्या एरंडाचे बी तिकडे पाकिटातून विकतात, आणि तांबड्या पानांचा एरंड एका उन्हाळ्यात माणसापेक्षा उंच होतो. परंतु एरंडाचे बी अतिशय विषारी असते. घरात नऊ वर्षांची मुलगी असताना त्याचे तुरे बी धरण्यापूर्वीच कापावेत, किंवा मी म्हणेन की तो लावूच नये.

या सर्व नाजूक रोपांना मेच्या अखेरपर्यंत जमिनीत घालू नका. एप्रिलमध्ये दुपारी ऊन छान पडते आणि आपला हात लगेच कुदळीकडे जातो, पण मेच्या मध्यापर्यंत एखादी दव गोठणारी रात्र येऊ शकते. आधी आठ-दहा दिवस रोपे दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेवून हवेला सरावू द्यावीत.

मांडणीत कुंपणाला चिकटून एका ओळीत झाडे लावली तर मधले मैदान मैदानच राहील. मोठ्या पानांचे एक झाड घराच्या खिडकीजवळच आणा, म्हणजे आतून पाहताना बाग त्या पानाआडून दिसेल. लाकडाच्या सालीच्या तुकड्यांची पायवाट मधून सरळ न नेता दोनदा वळवा, आणि शेवटच्या वळणामागे नातीसाठी एक लाकडी ओंडका बसायला ठेवा. रेडिंगचा वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो आणि केळीची पाने फाडतो, म्हणून केळ त्या बाजूच्या कुंपणाच्या आडोशाला असावी. तुमच्या चार महिन्यांचा हिशेब मांडायचा तर एप्रिल मातीला, मे माड आणि फॅटसियाला, आणि जून केळ-कर्दळींना द्यावा. जुलैअखेरीस परत निघताना पायवाटेचे दुसरे वळण घरातून दिसणार नाही, इतकी दाटी झालेली असेल.

प्रश्न : माझ्या बहिणीने मँचेस्टरला घरामागे आडोसा म्हणून बांबू लावला. चार वर्षांत तो हिरवळीतून आणि शेजाऱ्यांच्या फरसबंदीतूनही वर येऊ लागला आहे. आमच्या कोकणातल्या घरी पिढ्यान् पिढ्या बांबू आहे, तो कधी असा पळाला नाही. असे का व्हावे? तिला आता गनेरा नावाचे प्रचंड पानांचे झाडही लावायचे आहे.
– एक वाचक भगिनी, नेरुळ

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे. आपल्याकडचे माणगा, मानवेल, कळक हे बांबू गठ्ठ्याने वाढतात, म्हणूनच आपल्या भाषेत बांबूचे 'बेट' असते. थंड प्रदेशांत जे बांबू सर्रास विकले जातात, विशेषतः फायलोस्टॅकिस या वंशातले, त्यांची जमिनीखालची खोडे दोरीसारखी आडवी धावतात आणि कित्येक मीटरवर कोंब काढतात. बहिणीने लावलेला बांबू बहुधा त्यांतलाच आहे. आता बेटाभोवती किमान ६० सेंटीमीटर खोल चर खणून त्यात बांबूसाठी मिळणारा जाड प्लॅस्टिकचा पडदा बसवावा. पडद्याची वरची कड जमिनीच्या चार बोटे वर राहू द्यावी, नाहीतर खोडे वरून उडी घेतात. चराबाहेरची सगळी खोडे उकरून काढावी लागतील. शेजाऱ्यांच्या जागेतलीही त्यांच्याशी बोलून आणि स्वतःच्या खर्चाने काढावीत. हे आधी करावे, कारण तिकडे अशा बांबूवरून शेजाऱ्यांत कायदेशीर वादही होतात. नवा बांबू हवा असेल तर फार्गेसिया वंशातला घ्यावा. चीनच्या डोंगराळ भागातला हा बांबू थंडी सोसतो आणि आपल्या बांबूसारखा बेट करूनच राहतो.

गनेराचा विचार मात्र तिने सोडून द्यावा. ब्रिटनमध्ये गनेरा टिंक्टोरिया ही जात आक्रमक ठरवून तिच्या विक्रीवर आणि लागवडीवर बंदी आणलेली आहे. गनेरा मॅनिकाटा या दुसऱ्या नावाने जी रोपे बागांमध्ये होती, त्यांतली बहुतेक याच जातीचा संकर असल्याचे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या संशोधनातून २०२३ मध्ये पुढे आले, आणि संकरालाही बंदी लागू होते. जुन्या पुस्तकांत या झाडाची फार स्तुती आढळेल, तिच्यावर जाऊ नये. मोठ्या पानाचीच हौस असेल तर पॉलोनियाचे झाड लावून ते दर वसंतात बुंध्याशी छाटावे. एकच जोमदार फूट राखली की तिला दोन हातांत न मावणारी पाने येतात.

प्रश्न : मुलगी लीड्सला असते. पुढच्या महिन्यात जाताना तिच्या बागेसाठी घरच्या सोनटक्क्याचे गड्डे आणि वडीच्या अळूचे कंद सामानातून न्यावेत असे मनात आहे. ते कसे बांधावेत?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : कृपया नेऊ नका. लावण्याची रोपे, कंद आणि बी ब्रिटनमध्ये नेण्यासाठी आपल्या देशातून घेतलेले वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्याशिवाय नेलेले कंद विमानतळावर जप्त होऊन नष्ट केले जातात. हा नियम जाचक वाटला तरी त्यामागचे कारण रास्त आहे. गड्ड्याला चिकटलेल्या चिमूटभर मातीतून सूत्रकृमी आणि बुरशी प्रवास करतात, आणि नव्या भूमीत त्यांना आवरणारे कोणी नसते.

सोनटक्क्याची रोपे तिकडच्या रोपवाटिकांत मिळतात. अळूसाठी तर मुलीला लीड्सच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानातून खाण्यासाठी आणलेली अळकुडीच पुरेल. टणक, कोंबाचा डोळा शाबूत असलेल्या चार-पाच अळकुड्या मार्चमध्ये ओलसर कंपोस्ट भरलेल्या कुंडीत, डोळा वर करून लावाव्यात आणि कुंडी घरात उबदार खिडकीशी ठेवावी. मातीतून न दिसणारे काही आले असेल तर ते बागेत पसरू नये, यासाठी हे कंद शेवटपर्यंत कुंडीतच राहू द्यावेत. जूनच्या मध्यानंतर कुंडी बाहेर, वाऱ्यापासून आडोसा आणि अर्धवट ऊन मिळेल अशा जागी न्यावी आणि खाली पाण्याची थाळी ठेवावी, कारण अळूला पाय ओले आवडतात. ऑगस्टपर्यंत वडीपुरती पाने मिळतात. ती चिंच घालून नीट शिजवावीत. ऑक्टोबरमध्ये पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे, कंद काढून कोरडे करावेत आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या मार्चपर्यंत घरातल्या गार, पण पाणी गोठणार नाही अशा कपाटात ठेवावेत.